गाडीतला दुसरा मुलगा

‘भीमायन’ मी दादाच्या हातात दिलं ते त्याच्या नजरेवर भरवसा ठेवून. दादा मूर्तिकार. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत त्याची उमर गेली, आणि तिथेही त्याच्याकडे काम आखणीचं, म्हणजे रंग झालेल्या मूर्तीला डोळे देण्याचं. माझं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलं. त्यामुळे आम्हा दोघांत एक जुना वाद आहे. तो म्हणतो, सांगायचं ते चेहऱ्यात असतं. मी म्हणते, ते शब्दांत असतं. या पुस्तकानं मात्र आमच्या बाजू उलटल्या. हातात कुंचला धरणारा दादा चित्राच्या विरोधात गेला आणि मी चित्राच्या बाजूनं बोलायला लागले.

आमची बैठक धरमतरला, माहेरच्या ओटीवर. समोर खारबंदिस्ती, तिच्यापलीकडे खाडी, आणि खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे बार्ज.

पुस्तकाविषयी थोडं सांगते. ‘भीमायन’ २०११ मध्ये ‘नवयाना’ प्रकाशनानं काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी हा त्याचा पाया. त्या आठवणी १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपात छापल्या गेल्या. लोक ‘भीमायन’ जातीच्या अन्यायाचं पुस्तक म्हणून वाचतात, आणि ते आहेच. मी त्यातला १९०१ सालचा मसूरचा प्रसंग भावंडांची गोष्ट म्हणूनही वाचते. वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी, आई वारलेली. साताऱ्याहून मुलं वडिलांना भेटायला निघाली: भीम, त्याचा भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीकडची भाचरं. अंगावर नवे कपडे, आयुष्यातली पहिली आगगाडी. मसूर स्टेशनवर न्यायला कुणी आलेलं नाही, कारण पत्र पोचलं ते नोकराच्या हातात, आणि वडिलांना द्यायचं तो विसरला. जात कळल्यावर स्टेशन मास्तरचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळते, तीही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं पायी चालणार. डब्यात जेवण आहे, पण रात्रभर पाणी कुणी देत नाही. मुलं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपतात.

दादाला मूळ आठवणी मी आधीच वाचून दाखवल्या होत्या. नंतर पुस्तक दिलं आणि काही दिवसांनी विचारलं.

दादा : चित्रांबद्दल काही बोलायचं कारण नाही. माणसांना चौकटीत कोंडलेलं नाही. पान मोकळं आहे, तरी नजर जिथे जायला हवी तिथेच जाते. ही नक्षीची वळणं घरात शिकलेली दिसतात.

मी : दिग्ना म्हणतात त्याला. गोंडांच्या घरात भिंतींवर, जमिनीवर काढतात. घरातल्या बाया काढतात, मुली बघून शिकतात.

दादा : आणि महाडचं पान. कर्ण्यातून भाषण येतंय आणि तेच पाण्याचा फवारा होऊन माणसांवर पडतंय. १९२७ चा सत्याग्रह आपल्याच जिल्ह्यातला, शाळेत असल्यापासून ऐकतोय. तहान मात्र या पानावर कळली. हे सगळं मान्य. पण तू भावंडांची गोष्ट म्हणून दिलंस ना? ती मला चित्रात सापडली नाही. तू वाचून दाखवलंस तेव्हा सापडली होती.

मी : ती कशी?

दादा : बाबासाहेबांनी ‘माझा भाऊ’ एवढंच लिहिलंय. त्याला चेहरा नाही, उंची नाही. म्हणून तू वाचत होतीस तेव्हा गाडीत माझ्या शेजारी मी तुला बसवलं. आपण दोघं रात्री गाडीतून चाललोय, तू घाबरलीस, मी काही बोलत नाही. मग पुस्तक उघडलं, चित्र पाहिलं, आणि तू गाडीतून उतरून गेलीस. तिथे आता दुसरं कुणी बसलंय.

या बोलण्यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. वाचणाऱ्याला जागा सोडणं हा गद्याचा मोठा गुण, आणि तो मला चित्रकारानं सांगावा! पण दादाच्या म्हणण्यात एक फट आहे, असं मला वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

मी : दादा, तू मला बसवलंस हे खरं. पण पुढे काय झालं? मूळ मजकूर आठव. सुरुवातीला भाऊ आहे. मग स्टेशन मास्तर, मग गाडीवान, मग मध्यरात्रीचं टोलनाकं. नाकेदाराला मुसलमान असल्याचं सांगून उर्दूत पाणी मागणारा भीमच. या सगळ्यात भाऊ काय करत होता?

दादा : बरोबर होता.

मी : ‘बरोबर होता’ हे आपण धरून चालतो. वाक्यातून माणूस सहज निसटतो. लिहिणाऱ्यानं पुन्हा नाव घेतलं नाही की तो गेला, आणि गेला हे वाचणाऱ्याला कळतही नाही. चित्रात तसं करता येत नाही. गाडी काढली की गाडीत बसलेले सगळे काढावे लागतात. पुढच्या पानावर परत गाडी, परत सगळे. भाऊ एक अक्षर बोलला नसेल, तरी चित्र काढणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं की तो कुठे बसलाय, कुणाला टेकलाय, त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे. नाहीतर माणूस हरवल्यासारखं दिसेल.

दादा : म्हणजे हजेरी.

मी : हजेरीच. आणि भावंडांमध्ये हजेरीशिवाय फार काय असतं? आईबापांशी आपण बोलतो, भांडतो, मागतो. भावंडांशी बोलण्यापेक्षा शेजारी असणंच जास्त. एका पांघरुणात झोपणं, एका ताटात जेवणं, गाडीत कुणी कडेला बसायचं यावरून रुसणं. हे शब्दांत मांडायला घेतलं की त्याचं कौतुक तरी होतं, नाहीतर तक्रार तरी. चित्रात ते नुसतं असतं. या पुस्तकात बोलण्याचे फुगे पाहिलेस ना?

दादा : साध्या बोलण्याला पाखराचा आकार, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. ते मी आधी पाहिलं.

मी : आणि ज्याला फुगाच नाही, तो?

दादा : तो गप्प.

मी : बरोबर. ‘तो गप्प होता’ असं कुणी सांगावं लागत नाही. तो पानावर आहे आणि त्याच्या डोक्यावर काही नाही, एवढ्यावर तो दिसतो.

दादानं पुस्तक परत उघडलं, पानं मागेपुढे केली. मग त्यानं धंद्यातली गोष्ट काढली.

दादा : आखणीचं तुला माहीत आहे. एका साच्यातून पन्नास मूर्ती निघतात. अंग तेच, सोंड तीच. डोळे दिले की एकीचा चेहरा दुसरीसारखा राहत नाही. भावंडंही तशीच, एका साच्यातली. मग डोळे देणाराच ठरवतो, कोण शांत, कोण रागीट, कोण बावळट. मी देवाला डोळे देतो तेव्हा देव तक्रार करत नाही. पण जिवंत भावाचे डोळे दुसऱ्या भावानं द्यायचे? त्याला कुणी विचारलं?

हा प्रश्न खरा आहे, आणि जगभर ज्यांनी ज्यांनी आपल्या भावंडांवर चित्रकादंबरी केली त्यांच्यापुढे तो उभा राहिला आहे. रेना टेल्गेमायर या अमेरिकन चित्रकर्तीचं ‘सिस्टर्स’ (२०१४) शाळकरी मुली आवडीनं वाचतात. सॅन फ्रान्सिस्कोहून कोलोरॅडोपर्यंत गाडीतून केलेला एक लांबलचक प्रवास, आणि त्यात रेना आणि तिची धाकटी बहीण अमारा यांची धुसफूस. बहीण हवी म्हणून हट्ट धरलेल्या रेनाला मनासारखी बहीण मिळत नाही. मिळते ती साप आवडणारी, आणि वर तिच्यासारखीच चित्रं काढणारी. ते पुस्तक हसतखेळत जातं. दादाचा प्रश्न लागू होतो तो अधिक जड पुस्तकाला. फ्रेंच चित्रकार डेव्हिड बी. यानं १९९६ ते २००३ या काळात सहा भागांत आपल्या थोरल्या भावाचं आजारपण चित्रांतून मांडलं. इंग्रजीत ते ‘एपिलेप्टिक’ नावानं आलं. भावाला लहानपणी फेफरं सुरू झालं. आईवडील एका उपचाराकडून दुसऱ्याकडे, पथ्याच्या जेवणावर चालणाऱ्या वसाहतींत, मांत्रिकांकडे भटकत राहिले आणि तिन्ही मुलं त्यांच्यामागून. पहिल्याच प्रसंगात मोठेपणीचा भाऊ न्हाणीघरात समोर येतो. औषधांनी सुजलेला, पडून पडून अंगभर व्रण झालेला, आणि सख्ख्या भावाला तो क्षणभर ओळखूच येत नाही.

हे मी दादाला सांगितलं, आणि पुढचंही सांगितलं.

मी : त्यात एका पूर्वजाचं दारूचं व्यसन तो दाखवतो. आई आक्षेप घेते की हे कशाला काढलंस. मग तो आईचा आक्षेपही पानावर काढतो. आई बोलतेय, तो ऐकतोय.

दादा : हे बरं केलं. आणि भावाचा आक्षेप?

मी : भावाचा आवाज पुस्तकात कमी कमी होत जातो. आजार वाढेल तसा.

दादा : म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त काढलं, त्यालाच सगळ्यात कमी विचारलं.

मी : हो. पण काढलं नसतं तर तो त्या न्हाणीघरात उरला असता, घराबाहेर कुणाला माहीत नसलेला. आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ घे. १९९२ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. नाझींच्या छळातून वाचलेल्या बापाची गोष्ट, पण त्याच्या तळाशी एक भाऊ आहे, रिशू. आर्टच्या जन्माआधीच तो गेला. आईबापांच्या खोलीत त्याचा फोटो होता, आणि त्या कधीही न पाहिलेल्या, कधीही हट्ट न करणाऱ्या भावाशी आर्टची आयुष्यभर तुलना. दुसऱ्या भागाच्या अर्पणपत्रिकेत भावाचा तो फोटो आहे. आणि शेवटी थकलेला बाप आर्टला मेलेल्या मुलाच्या नावानं हाक मारतो.

दादा बराच वेळ काही बोलला नाही.

दादा : फोटो लावला हे चांगलं केलं. पण बाय, ही सगळी बाहेरची माणसं. आपल्याकडे भावंडांची थोरवी सांगायला चित्रं लागत नाहीत. गागोदं आपल्या पेण तालुक्यातलं. विनोबा तिथले. १९१६ ला ते घर सोडून निघाले, मग बाळकोबा त्याच वाटेनं, मग शिवाजी. तिघं भाऊ आजन्म ब्रह्मचारी राहिले, तिघांनी एकच रस्ता धरला. त्यांचे डोळे कुणी आखले नाहीत, तरी सगळ्यांना ठाऊक आहे.

मी : त्यांना बहीण होती. तिचं काय झालं?

दादा : बहीण होती?

मी : होती. बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं, भाव्यांना चार मुलगे, आणि मुलग्यांची चारही नावं. पुढे ‘एक मुलगी’. नावाच्या जागी नुसती संख्या. हेच मी मघापासून म्हणतेय. वाक्याला हे चालतं. गागोद्याच्या घरातलं जेवण कुणी चित्रात काढलं, तर पाचवं पान मांडावं लागेल आणि त्यावर मुलगी बसवावी लागेल. पिंगुळीची चित्रकथी पाहिलीस ना? रामाचं चित्र आलं की लक्ष्मण येतोच. त्याला एकही ओळ नसली तरी तो धनुष्य घेऊन उभा असतो.

दादा : आणि ऊर्मिला मागे राहते, तिचं पान येत नाही.

हे त्यानं माझ्या बाजूनं म्हटलं की त्याच्या, कळलं नाही. मग तो माझ्याकडे वळला.

दादा : तुझ्या मनात वेगळंच पुस्तक आहे. सरळ बोल.

मी : हक्कसोडीचा दिवस आहे माझ्या मनात.

त्याविषयी आम्ही त्या दिवसापर्यंत एकदाही बोललो नव्हतो. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. खारेपाटात जमिनीला भाव आला, एसईझेडची भाषा झाली, सातबाऱ्यांवरची नावं मोजली जाऊ लागली, आणि घरोघरच्या लेकी माहेरी बोलावल्या गेल्या, सही करायला. हक्क मिळाल्याची बातमी आणि तो सोडल्याचा कागद अनेकींच्या आयुष्यात जवळजवळ एकदमच आले. माझ्याही आले. मला कुणी जबरदस्ती केली नाही. मला कुणी विचारलंही नाही.

दादा : तू काही बोलली नाहीस.

मी : तूही नाही. आता बघ, मी हे लिहायला बसले तर काय लिहीन? ‘भाऊ गप्प होता.’ झालं. वाचणारा तुला लोभी ठरवेल किंवा बिचारा ठरवेल, त्याच्या मर्जीनं. पण समजा हे मला कुणी चित्रात काढून दिलं. तो पहिल्यांदा विचारेल, टेबल कुठे होतं? भाऊ उभा होता की बसला होता? कुणाकडे बघत होता? मला आठवतंय ते असं की तू खिडकीबाहेर बघत होतास.

दादा : नाही, बाय. खिडकी माझ्या पाठीमागे होती. मी तुझ्या हाताकडे बघत होतो. अंगठ्याची शाई तू पदराला पुसलीस. साडी पिवळी होती. घरी आल्यावर आईनं विचारलं की डाग कसला, आणि तू म्हणालीस, करवंदाचा.

करवंदाचं मी विसरले होते. शाईचंही. इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, पाठमोऱ्या भावाचं, आणि मी त्यावरच माझं सगळं गाऱ्हाणं रचलं होतं. त्याच्या डोक्यात त्याच खोलीचं दुसरं चित्र होतं आणि त्यात मी होते, माझा हात होता. ‘का केलंस?’ असा प्रश्न असता, तर आम्ही दोघं कारणं देत बसलो असतो. ‘कुठे बघत होतास?’ या प्रश्नाला कारण देता येत नाही. जिथे बघितलं ते सांगावं लागतं.

दादा : म्हणूनच माझं म्हणणं सोडत नाही मी. तू एकटीनं ते काढून घेतलं असतंस, तर छापील पुस्तकात मी जन्मभर खिडकीबाहेर बघत राहिलो असतो. लिहिलेलं वाचून माणूस म्हणतो, ही तिची बाजू. काढलेलं बघून म्हणतो, असं झालं. चित्रावर लोक जास्त विश्वास ठेवतात. आम्ही डोळे देतो तेव्हा ते ओझं हातात असतं.

मी : मग काढूच नये?

दादा : काढावं. पण दोन्ही काढावं. तुझ्या आठवणीतलं एक पान, माझ्या आठवणीतलं एक, समोरासमोर. कुठलं खरं ते ठरवायचं नाही. आणि छापण्याआधी भावाला दाखवायचं. त्याला पटलं नाही, तर त्या फ्रेंच माणसानं आईचं केलं तसं करायचं, त्याचं न पटणंही पानावर यायला पाहिजे.

यावर माझं आणि त्याचं पटलं. ज्याच्यावर पटलं नाही ते असं की दादा अजून म्हणतो, मसूरची गाडी न काढता नुसती वाचावी. मी म्हणते, ती काढलेलीच बरी, आणि त्यापुढची एक गोष्टही काढायला हवी. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात ती नोंदवली आहे. मुलाला पुस्तक हवं असलं आणि वडील रामजींच्या हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या लेकीकडे जात, उसने पैसे मागत. धाकटीकडे नसले तर तिच्याहून मोठीकडे. तिथेही नसले तर तिच्या लग्नातला दागिना मागून आणत, गहाण ठेवत, पुस्तक आणत, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून तिला परत करत. मंजुळा आणि तुळसा, या त्या दोघी. भावंडांपैकी परीक्षा पास होऊन हायस्कुलात पोचला तो एकटा भीम, आणि त्याच्या पुस्तकांत या बहिणींचं सोनं होतं. चरित्रात ही हकिगत काही ओळींत संपते. दागिना काढून देताना बहिणीनं कुणाकडे पाहिलं, नवऱ्याला सांगितलं की नाही, सासूनं रिकामा गळा पाहून काय विचारलं, तो परत आल्यावर तिनं तो पुन्हा घातला का, हे शब्दांनी आजवर विचारलेलं नाही.

मराठी चित्रकारांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे. ‘चिंटू’नं १९९१ पासून रोजच्या वर्तमानपत्रात घरातली चित्रं वाचायची सवय आपल्याला लावली, आता त्याच वाचकासाठी भावंडांचं मोठं पुस्तक करा. मंजुळा आणि तुळसा यांच्यापासून सुरुवात करा. आणि वाचकहो, असं पुस्तक हाती आलं तर ते एकट्यानं वाचू नका. भावाच्या किंवा बहिणीच्या घरी जा, मधोमध ठेवून वाचा, आणि एखाद्या पानावर थांबून विचारा, त्या दिवशी तू कुठे बसला होतास?